५५ सीसी एक्स्ट्रा : जमिनीवर शहाणी, हवेत वेडी

माणदेशी_उडाणटप्पू

नमस्कार मंडळी,

हा धागा खरं तर "पेट्रोलचं मोठं विमान कसं जोडलं" एवढाच असणार होता. पण परवा माळावर जे झालं त्यामुळे शेवटी एक प्रश्न आहे. ज्यांना जुळणीत रस नाही त्यांनी सरळ खाली जावं, राग नाही.

विमान : एक्स्ट्रा ३००, रेडिओवर उडवायचं मॉडेल. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ८८ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरला किंचित कमी. इंजिन ५५ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. पुण्यातल्या एका गृहस्थांनी हौसेने मागवलं होतं, मग ते देश सोडून निघाले आणि न फोडलेलं खोकं माझ्याकडे आलं. बायकोने विचारलं, "यात काय आहे?" म्हटलं, "लाकूड." खोटं नव्हतं.

सांगाडा तयारच होता, बाल्सा आणि प्लायचा, वर फिल्म ताणलेली. दोन पावसाळे खोक्यात काढल्यामुळे फिल्मला आजीच्या गालासारख्या सुरकुत्या. पहिले दोन रविवार इस्त्रीत गेले. साधी कपड्याची इस्त्री, तिला जुना सुती मोजा घातलेला, आणि आधी शेपटीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, प्रयोग.

हिंज, म्हणजे हलत्या भागांच्या बिजागऱ्या, अराल्डाइटने चिकटवले. सावकाश वाळणारं, पाच मिनिटांचं नाही. आधी प्रत्येक हिंजच्या सांध्याला काडीने कणभर व्हॅसलीन, नाहीतर डिंक सांध्यात शिरतो आणि एलेरॉन (पंखाची हलणारी कड) जन्मभर ताठ. वाळल्यावर फट पारदर्शक टेपने बंद केली. ही फट लहान विमानात चालून जाते. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाला वेगात कंप सुटला तर सर्वोचे (ते हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात आणि विमान एकदमच जातात.

इंजिन बसवताना इज्जत जाता जाता वाचली. इंजिन ज्या प्लायच्या भिंतीवर बसतं ती फायरवॉल उजवीकडे दोनेक अंश तिरकी होती, आणि भोकांच्या खुणा मध्यापासून डावीकडे सरकलेल्या. मी कारखान्याला शिव्या घालत नवी भोकं पाडायला ड्रिल हातात घेतलं. मग थांबलो. तिरका कोन मुद्दाम असतो, जोर लावल्यावर नाक डावीकडे ओढतं त्यावरचा तो उतारा. आणि इंजिन तिरकं बसणार म्हणून खुणा डावीकडे, म्हणजे पुढे स्पिनर (पंख्यावरची टोपी) बरोबर मध्यावर येतो. ड्रिल ठेवून चहा घेतला. पाच मिमीचे चार बोल्ट, मागे मोठे वॉशर, निळं लॉकटाइट. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. (नेलपॉलिश घरातलं. ते प्रकरण वेगळं आहे.)

विजेचे दोन संसार वेगळे. रिसीव्हरला दोन बॅटऱ्या आणि दोन स्विच, इग्निशनला तिसरी बॅटरी. इग्निशनचा डबा आणि रिसीव्हर यांच्यात फूटभर तरी अंतर. थ्रॉटलची काडी नायलॉनची, धातूवर धातू घासू दिला नाही, नाहीतर तो घासण्याचा आवाज रेडिओला ऐकू जातो. सर्वो पाच, सगळे वीस किलो-सेंमीच्या वरचे, धातूच्या दातांचे. एलेव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या हलत्या कडेच्या) दोन्ही अर्ध्यांना दोन वेगळे सर्वो असल्याने ते मध्यावर, वर आणि खाली, तिन्ही जागी जुळवायला अख्खी संध्याकाळ. फेलसेफला, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटला तर, थ्रॉटल बंद. हे कागदावर न मानता ट्रान्समीटर बंद करून डोळ्यांनी बघितलं.

टाकी अर्ध्या लिटरची, फोममध्ये गुंडाळलेली. तीन नळ्या : एक कार्बोरेटरकडे, एक भरायला, एक हवेला. सगळ्या पेट्रोलला चालणाऱ्या पिवळ्या. ग्लो (मिथेनॉलवरच्या) इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होते. टाकीच्या आतली, वजन लावलेली नळीसुद्धा तीच हवी. तिथे फसणारे बरेच.

आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोल. एवढं धूड बोटांवर कोण तोलणार? माजघरात पाळण्याची कडी आहे, मुलगी आता नववीत. पंखाच्या नळीत दोरी ओवून विमान त्या कडीला टांगलं, टाकी रिकामी. शेपूट खाली गेली. शिसं न लावता रिसीव्हरच्या दोन्ही बॅटऱ्या पुढे सरकवल्या, सरळ झालं. भरतीचं वजन शून्य. पेट्रोलशिवाय पावणेआठ किलो. आईने खालून बघून "नातवाची सोय होतेय का?" असं विचारलं.

तेल ३०:१, लिटरला ३३ मिली. शेपूट चिंचेच्या झाडाला बांधून काउलशिवाय (इंजिनावरच्या झाकणाशिवाय) दीड-दोन लिटर पेट्रोल जाळलं. इंजिन मस्त. २२ बाय ८ च्या लाकडी प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर) सहा हजार नऊशे फेरे, मंदावलं तरी सोळाशेवर घड्याळासारखं. काउल घातलं, तरी जवळपास तेच.

आता प्रश्न.

पहिलं उड्डाण. चढलं छान. पण सरळ, वेगात गेलं की मिनिटभरात आवाज जड, मागे धूर, अडखळत चालणं. म्हणजे पेट्रोल जास्त. उतरवलं, एच सुई (जोरात चालताना पेट्रोल किती जावं ते ठरवणारा स्क्रू) अष्टमांश फेरा आत घेतली. दुसरं उड्डाण, वेगात सुधारलं. मग सरळ आभाळाकडे चढवलं, वरती वेग कमी झाला आणि इंजिन श्वास कोंडल्यासारखं मेलं. म्हणजे आता पेट्रोल कमी! एकाच सुईवर, एकाच उड्डाणात, जास्तही आणि कमीही. ज्वारी काढलेल्या रानात उतरवलं. धसकटांनी पुढच्या चाकांची पट्टी उपटून नेली. बाकी ठीक.

फोटो जोडलेत. तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा.

ॲव्हरेज_किती

फोटो दिसत नाहीयेत.

बाकी ॲव्हरेज किती देतं? आणि एकूण खर्चात एक ॲक्टिव्हा आली असती ना?

माणदेशी_उडाणटप्पू

अर्ध्या लिटरमध्ये बारा ते पंधरा मिनिटं. किलोमीटरमध्ये विचारू नका, सगळे तिथल्या तिथेच असतात. ॲक्टिव्हा उलटी चालवता येत नाही.

जुना_एनसीसीवाला

वा. कडीवरचा पाळणा आवडला. आम्ही एनसीसीच्या एअर विंगला असताना दीड सीसीची डिझेल इंजिनं होती, तारेवर फिरवायची. इंधन घरीच : ईथर, एरंडेल आणि रॉकेल. ईथर आणायला गेलं की केमिस्ट संशयाने बघायचा. घरी आलो की आई वासावरून ओळखायची आणि अंघोळीला पिटाळायची. पुढे ग्लो आली, मग मिथेनॉलसाठी दारोदार. पेट्रोलवर उडणारं विमान बघून जीव निवला.

प्रश्नाबद्दल. पहिली शंका हवेच्या नळीची. टाकीत हवा शिरत नसेल तर पेट्रोल जसं कमी होईल तशी पोकळी धरते. दुसरी शंका वजनाच्या नळीची. नाक वर केल्यावर वजन मागे पडायला हवं. नळी कडक असेल तर ते मधेच अडकतं. टाकी काढा, हातात धरून नाक वर करून बघा.

एडिसनकर

अभिनंदन! इथे न्यू जर्सीत क्लबात अशी बरीच आहेत, ८० इंचांच्या वरच्या एकपंखी विमानाला इथे जायंट स्केल म्हणतात. नियम वेगळे : फेडरल नोंदणी, एक छोटी ऑनलाइन परीक्षा, आणि आमच्या क्लबात शेजारी एक माणूस फक्त आभाळाकडे बघायला.

दोन गोष्टी. एक, लाकडी प्रॉपचे बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांनंतर परत आवळा. लाकूड दबतं. तुमच्याकडे पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं, म्हणून ऋतू बदलला की परत. दोन, मला हे गरम होण्याचं वाटतं. काउलमधली हवा सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पट्ट्यांमधूनच जायला हवी, बाजूने पळून नाही. आत पत्र्याचा आडोसा केलाय का? आणि हवा बाहेर पडायची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा दुप्पट-अडीचपट हवी.

माणदेशी_उडाणटप्पू

@जुना_एनसीसीवाला काका, टाकी काढली. वजन मोकळं फिरतंय, हवेची नळी फुंकली, साफ.

@एडिसनकर, आडोसा आहे. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून केला, दोन्ही तोंडांमधून येणारी हवा थेट सिलिंडरवर जाते. बाहेरची जागा मोजली, अडीचपट. उतरल्यावर इंजिन भाजत नव्हतं.

शेवटी_बोट_आपलंच

धागा छान, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. सात हजार फेऱ्यांना २२ इंची प्रॉपचं टोक ताशी सव्वासातशे किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. सुई फिरवताना तुम्ही पुढून वाकून फिरवलीत की मागून?

माणदेशी_उडाणटप्पू

मागून. शेपूट बांधलेली. पण खरं सांगतो, पहिल्या दिवशी एकदा हात प्रॉपच्या वरून गेला होता, चालू इंजिनावर. भाच्याने मागून शर्ट ओढला.

शेवटी_बोट_आपलंच

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेर नाही. लहान, वीस सीसीचं इंजिन होतं, आणि मी दहा वर्षं उडवत होतो. इग्निशन बंद आहे असं "माहीत" होतं. किल स्विच (इग्निशन तोडणारा) वेगळा ठेवा, ट्रान्समीटरवरून चालणारा, आणि विमानावरचा लाल दिवा विझलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय प्रॉपला हात लावू नका. चोक दाबून प्रॉप फिरवायचा असेल तर चामड्याचा जाड हातमोजा किंवा काठी.

नावातला विनोद तिथूनच आहे.

कायदेशीर_कावळा

काव काव. माळावर उडवताय ते ठीक, पण ड्रोन रूल्स २०२१ यालाही लागू आहेत, विमान म्हटलं म्हणून सुटका नाही. २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, याला नियमांत "मॉडेल" म्हणतात आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण नकाशा बघावाच लागतो. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट. "सरळ आभाळाकडे" हे शब्द वाचून मला थोडं खाजवलं, बाकी काही नाही.

माणदेशी_उडाणटप्पू

नकाशा बघितलाय, हिरवा आहे. उंचीचा टेलिमेट्रीने आवाज येतो, शंभर मीटरला ओरडतं.

नळीवाली

दादा, मी कॉलेजच्या विमान स्पर्धेच्या टीममध्ये होते, आमची विमानं विजेवरची, पण पेट्रोलशी माझं भांडण स्कूटरमुळे आहे. तुम्ही पेट्रोल कुठलं भरलं? आता पंपावरचं बहुतेक पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं आहे. घरी तपासा : मोजपात्रात १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल, हलवा, थांबा. खालचा थर साधारण २८ मिली झाला तर १८ मिली इथेनॉल पाण्यात उतरलं. ते हवेतली ओल ओढतं, नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा कडक करतं. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिन तसंच चालू ठेवा, कार्बोरेटर कोरडा होऊन बंद पडेपर्यंत.

माणदेशी_उडाणटप्पू

तपासलं. २७ मिली. म्हणजे ई-२०च. पंपावर बाटलीत देत नाहीत म्हणून भाच्याच्या बुलेटच्या टाकीतून काढतो. पण इथेनॉल उड्डाणाच्या मधेच कमी-जास्त कसं होईल? चढताना कमी आणि सरळ जाताना जास्त, असं तर नाही ना.

नळीवाली

नाही. ते मान्य. म्हणजे दुसरंच काहीतरी.

ॲव्हरेज_किती

पाणी घातलेलं पेट्रोल परत वापरलं तर चालेल का?

नळीवाली

नाही. इथेनॉल गेलं की ऑक्टेनही उतरतो आणि थोडं पाणी मागे राहतं. ते ग्रीसच्या डागांना वापरा.

तळकोकणी_काजू

नमस्कार. मी विमान कधी जवळून पाहिलेलं नाही, एसटीच्या खिडकीतून चिपी विमानतळावरचं पाहिलंय तेवढंच. पण ग्रास कटर दुरुस्त करतो, वर्षाला शे-दीडशे, काजूच्या आणि आंब्याच्या बागांतले. तुमच्या इंजिनाचा कार्बोरेटर फोटोत (मला दिसला) बघितला आणि हसायला आलं. तो आमचाच आहे. डायफ्रामवाला. लूनासारखी त्याला फ्लोटची वाटी नसते, कारण ग्रास कटर माणूस कसाही आडवातिडवा धरतो. तुमचं विमान उलटं होतं म्हणून तुम्हालाही तोच.

आत दोन पडदे. एक पंपाचा, तो इंजिनाच्या आतल्या धक्क्यांवर हलतो आणि पेट्रोल ओढतो. दुसरा मापाचा. त्या पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. वर चार स्क्रूची पत्री असते आणि त्या पत्रीला बारीक भोक असतं. इंजिनाने पेट्रोल खाल्लं की पडदा आत ओढला जातो, लिव्हर दाबतो, सुई उघडते, पेट्रोल येतं. बाहेरच्या हवेचा दाब तिथे स्थिर पाहिजे. पडद्याला तेवढंच माहीत.

गेल्या सालचा किस्सा. एक मशीन चालू व्हायचं, दहा सेकंदांत मरायचं. दोघांनी सुया फिरवून फिरवून झिजवल्या. मी पत्री काढली, कुंभारीण माशीने ते भोक मातीने बुजवलं होतं. पडदा हलूच शकत नव्हता. टाचणीने माती काढली, मशीन पळालं. त्या माणसाला पटेना की वीस रुपयांचंही काम नव्हतं.

तुमच्याकडे उलट. तुमचं ते भोक कुठे बघतंय? काउलच्या तोंडाकडे असेल तर वारा सरळ भोकात जाईल, पडदा आत दाबेल, पेट्रोल जास्त. वेग गेला की वारा गेला, पेट्रोल कमी. आम्हाला ग्रास कटर ताशी शंभरने पळवावा लागत नाही म्हणून हे दिसत नाही. विमानातलं चूकभूल माफ.

जुना_एनसीसीवाला

काजूदादा, दंडवत. पन्नास वर्षं इंजिनं हाताळली, हे भोक माझ्या लेखी नव्हतं, कारण आमच्या इंजिनांना नव्हतंच.

माणदेशी_उडाणटप्पू

हात थरथरत होते. काउल काढलं. पत्री बरोबर डाव्या तोंडाकडे बघतेय. आणि गंमत अशी की मी जो गोडेतेलाच्या डब्याचा आडोसा केला त्याने डावीकडची हवा सिलिंडरकडे वळवली, तिच्या वाटेतच ही पत्री. आधी ती हवा वाट्टेल तशी पसरत असेल. मी तिला नळ करून दिला.

वाऱ्यावरची_शंका

थांबा, थांबा. काउलमध्ये दाब वाढला तर तो कार्बोरेटरच्या तोंडापाशीसुद्धा वाढेल ना? दोन्हीकडे सारखाच वाढला तर पडद्याला फरक काय? मला हे स्पष्टीकरण जरा गोड वाटतंय.

नळीवाली

चांगला प्रश्न. सारखा वाढला तर फरक पडणार नाही, बरोबर. पण सारखा वाढतोच असं कुठे आहे? पत्री थेट झोतात, कार्बोरेटरचं तोंड बहुधा खाली, हवा बाहेर पडते त्या भोकाजवळ. फरक पडतो तो दोन जागांमधल्या दाबाचा.

आकडा काढून बघितला. ताशी १०० किमीला वारा पूर्ण अडवला तर दाब ४५० पास्कलच्या आसपास, म्हणजे साधारण ४५ मिमी पाणी. ऐकायला काहीच नाही, पण नाजूक पडद्याच्या जातीला पुष्कळ.

दादा, मोजता येईल. पारदर्शक नळीचा यू करा, त्यात कुंकवाचं पाणी. एक टोक काउलमध्ये त्या जागी, दुसरं विमानापासून लांब, आडोशाला. इंजिन बंद ठेवून समोरून मोठा पंखा लावा.

माणदेशी_उडाणटप्पू

शेजारच्या वाड्यावर उफणणीचा पंखा आहे. तो आणला. मळणी संपलेली, त्यामुळे कोणी अडवलं नाही. कारण विचारलं तेव्हा "विमानाला वारा द्यायचाय" म्हटल्यावर अर्धा वाडा मागे आला. प्रॉप काढून ठेवला होता, इग्निशनची बॅटरी खिशात.

पत्रीपाशी कुंकवाचं पाणी चार-पाच मिलिमीटर सरकलं. कार्बोरेटरच्या तोंडापाशी जवळपास हललंच नाही. दोन पोरांनी आणि एका सरपंचांनी पाहिलं, साक्ष आहे.

नळीवाली

पंख्याचा वारा ताशी ३५ किमी धरला, तर उड्डाणात तिप्पट वेग, दाब नऊपट. चार मिलिमीटरचे छत्तीस. झालं की. अभिनंदन, सरपंचांनाही.

वाऱ्यावरची_शंका

शंका मागे घेतली. नाव बदलत नाही.

ॲव्हरेज_किती

मग ते भोकच बुजवलं तर?

तळकोकणी_काजू

अहो, वर कुंभारीण माशी सांगितली ती वाचा की.

भोक बुजवायचं नाही, त्याला नळी जोडायची. पत्री सोडवा, भोकावर पितळी नळीचा बारीक तुकडा डाग द्या, त्याला रबरी नळी आणि ती विमानाच्या पोटात, जिथे वारा नाही तिथे. डाग देताना पत्री कार्बोरेटरवरून काढलेली पाहिजे, नाहीतर पडदा वितळेल. स्क्रू काढताना खालची पॅकिंग आणि पडदा कुठल्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. क्रम उलटा झाला की परत आमच्यासारख्याकडे यावं लागतं.

एडिसनकर

पूर्ण सहमत. इथेही दोघांनी असं केलंय, मला ते फक्त "वरच्या वर्गातली फॅशन" वाटायचं. माझा आडोशाचा सल्ला अर्धवट होता, माफी.

माणदेशी_उडाणटप्पू

अपडेट, जरा लांब आहे.

पितळी नळी म्हणून जुन्या बॉलपेनच्या जाड पितळी रिफिलचा पाऊण इंच तुकडा. शाईचा अंश घालवायला दोन दिवस स्पिरिटमध्ये. गावातल्या रेडिएटरवाल्याने डाग दिला, पैसे घेतले नाहीत, पण "हे कशाचं?" हे चारदा विचारलं. नळीतून फुंकून हवा जाते हे बघितलं, पत्री परत बसवली, रबरी नळी फायरवॉलमधून पोटात. फायरवॉलच्या त्या नव्या भोकाच्या कडांना पातळ अराल्डाइट चोळलं, नाहीतर तेल-पेट्रोल प्लायमध्ये मुरून चिकटवणी सोडतं. तुटलेल्या चाकाच्या पट्टीखाली नवी प्लाय, या खेपेला आतून आडवी काठीही.

एच सुई जिथून सुरुवात केली होती तिथे परत आणली. माळावर आधी शेपूट बांधून जोर, मग नाक हाताने वर करून (दोघांनी धरून, प्रॉपच्या मागून) परत जोर. आवाज बदलला नाही. मग रेडिओची टप्पा-चाचणी (किती लांबून पकडतो ती), एकदा इंजिन बंद, एकदा चालू.

उडवलं. सरळ, वेगात, दोन मिनिटं. धूर नाही. मग वर. चढत गेलं, वेग संपत आला, मी श्वास धरून, भाचा मोबाइल धरून. इंजिन गात होतं. शंभर मीटरची बाई ओरडली तेव्हा थ्रॉटल काढला. खाली येताना जरासं गुरगुरतं, म्हणून एल सुई (मंद चालीची) अगदी किंचित आत घेतली, तेवढंच. संध्याकाळपर्यंत पाच उड्डाणं. पाचव्याला उलटं, माळावरून, तीसेक फुटांवर. ते मला करायचं नव्हतं, भाच्याने डिवचलं.

प्रॉपचे बोल्ट दुसऱ्या उड्डाणानंतर पाव फेरा आवळले गेले. एडिसनकर, दंडवत तुम्हालाही.

शेवटी_बोट_आपलंच

किल स्विच?

माणदेशी_उडाणटप्पू

बसवला. लाल दिवा काउलच्या मागे, वरून दिसतो. भाच्याला सांगितलंय, दिवा चालू असताना माझा हात पुढे गेला तर शर्ट नाही, कान ओढायचा.

जुना_एनसीसीवाला

बघायला यावंसं वाटतं. या वयात माळ झेपेल का, बघू.

तळकोकणी_काजू

माझा पण विचार आहे. खरं विमान जवळून बघायचं राहिलंय, हे तरी बघतो. येताना जुन्या कार्बोरेटरांचे पडदे आणतो, दोन-चार जादा असलेले बरे. ई-२० मध्ये ते वर्षभर टिकत नाहीत, हे माझ्या गिऱ्हाइकांवरून सांगतो.

कायदेशीर_कावळा

मीही येतो, कावळा म्हणून नाही, पाहुणा म्हणून. जागा?

माणदेशी_उडाणटप्पू

सगळ्यांना व्यक्तिगत निरोप केलाय. रविवारी सकाळी सहाला, नऊनंतर माळावर वारा सुटतो. काका, गाडी थेट माळापर्यंत येते, चालायचं नाही, आणि खुर्ची मी आणतो. डबा आणि पाणी आपापलं, तिथे चहासुद्धा मिळत नाही. काजूदादा, सरपंच तुमची वाट बघतायत, त्यांचा ग्रास कटर दहा सेकंदांत मरतो.

ॲव्हरेज_किती

फोटो अजून दिसत नाहीयेत.